झोप अपुरी, पाय जड आणि रविवारी ४२ किलोमीटर: धावावं का, आणि कसं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, वजन ६० किलो, हिंजवडीत नोकरी. सोळा आठवड्यांचा सराव नीट झाला, ३२ किलोमीटरची लांब धावही झाली. पण ऑफिसात रिलीज आल्यामुळे गेले दोन आठवडे रोज जेमतेम पाच तास झोप मिळतेय. रविवारी पुण्यात पहिली फुल मॅरेथॉन आहे, लक्ष्य सव्वाचार तासांचं ठरवलं होतं, आणि आता जिना चढतानाही मांड्या भरून येतात. ‘धावू की सोडून देऊ? आणि धावले, तर मध्ये थकवा आल्यावर नेमकं काय करू?’

ताई, मी बावीस वर्षं पुण्याच्या रस्त्यांवर धावतोय आणि त्यातली चौदा वर्षं इतरांना धावायला शिकवतोय. नोव्हेंबर संपत आला की हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पहिल्या भागाचं उत्तर. तुम्ही लिहिलंय तेवढंच असेल, अंगात ताप नसेल, छातीत काही होत नसेल, तर धावा. पण सव्वाचार तासांचा आकडा आज बुधवारीच सोडून द्या. तो रविवारी पंचविसाव्या किलोमीटरवर सुटला तर त्याच्याबरोबर शर्यतही सुटते. आज सोडलात तर फक्त आकडा जाईल.

आता तुम्ही ज्याला थकवा म्हणताय तो कुठला, ते बघू. शर्यतीच्या आठवड्यात पाय जड वाटणं यात निम्मं काही बिघडलेलंच नसतं. आपण धावणं कमी केलेलं असतं, खाणं तेवढंच असतं, त्यामुळे स्नायूंमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, जमत जातं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही धरून ठेवलं जातं. मांड्या भरल्यासारख्या वाटतात त्या खरोखरच भरलेल्या असतात. वजनकाट्यावर किलोभर वाढलं तर घाबरू नका, हेच इंधन रविवारी लागणार आहे. सोळा आठवड्यांत कमावलेलं दोन आठवड्यांत कुठेही जात नाही.

दुसरा थकवा अपुऱ्या झोपेचा. एक-दोन रात्री झोप कमी झाली म्हणून हृदयाची आणि फुप्फुसांची ताकद फारशी घटत नाही. बदलतं ते श्रमाचं मोजमाप. ताज्या अंगाने जो वेग सहज वाटतो तोच वेग अपुऱ्या झोपेवर कठीण वाटतो. नुसत्या डोक्याच्या थकव्यानेही हेच होतं. संशोधक सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना नव्वद मिनिटं संगणकावर सतत लक्ष लागेल असं काम दिलं आणि मग दमेपर्यंत सायकल मारायला लावली. तीच माणसं दुसऱ्या वेळी नव्वद मिनिटं माहितीपट बघून सायकलवर बसली तेव्हा सरासरी ७५४ सेकंद टिकली, कामानंतर मात्र ६४०. हृदय आणि स्नायूंकडून मिळालेल्या मोजमापांत या फरकाचं कारण सापडलं नाही. फरक होता तो कष्ट किती वाटतात त्यात. दोन आठवडे रिलीजच्या मागे असलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तुम्ही आळशी झालेला नाहीत, हे तुमच्या मनाचे भ्रम नाहीत. तुम्हाला खरंच जास्त जड वाटतंय आणि रविवारीही वाटणार, तेव्हा आखणी ते धरून करायची.

तिसरा प्रकार आजाराचा, आणि तिथे मी कडक आहे. सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच एक मिनिट नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त, असं सलग दोन-तीन दिवस येत असेल तर शरीर कशाशी तरी झुंजतंय. नाक वाहतंय, घसा थोडा खवखवतोय, एवढं चालतं. पण ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, जुलाब यांतलं काहीही असेल तर धावायचं नाही. विषाणूच्या तापात जोर लावला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. पावसाळ्यानंतर पुण्यात घरोघरी डेंगी-चिकुनगुनिया असतो. या हंगामात तो होऊन गेला असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय बिब, म्हणजे छातीवरचा शर्यतीचा क्रमांक, लावू नका. शर्यत पुढच्या डिसेंबरातही आहेच.

मी हे ज्या अनुभवातून बोलतो तो सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझे वडील अकरा दिवस दवाखान्यात होते. रात्री मी त्यांच्याजवळ थांबायचो. बाकावर आडवं व्हायचं, दर दोन तासांनी नर्स आली की उठायचं. शुक्रवारी ते घरी आले आणि रविवारी माझी मॅरेथॉन होती. पाच-वीसच्या, म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं वीस सेकंदांच्या वेगाने धावून पावणेचार तासांत संपवायचं, असं चार महिने घोकलं होतं. घरच्यांनी ‘जाऊ नकोस’ म्हटलं नाही, कारण वडीलच म्हणाले, ‘जा, किती दिवस कोंडून बसलायस.’

पहाटेची थंडी होती, अंगावर काटा आलेला, भोवती हजारो माणसं. बंदूक वाजली आणि मला वाटलं, थकवा गेला. पहिले दहा किलोमीटर पाच-पंधराने गेले आणि मी मनात आनंदलो. हीच ती फसगत. गर्दी, आवाज, गारवा आणि रक्तात उसळलेलं अ‍ॅड्रेनलिन यांनी थकवा झाकला जातो, पण तो जागेवरच असतो. एकविसाव्यालाही मी वेळेत होतो. सव्विसाव्याला पावलांचा आवाज बदलला. चप्-चप् असा आवाज यायला लागला की समजावं, पाय उचलला जात नाहीये, नुसता आपटतोय. एकोणतीसला मला आधीच्या किलोमीटरची वेळ वजा करता येईना. पाच-चाळीसमधून पाच-वीस गेले की किती उरतात, हे मी जवळजवळ पाचशे मीटर मोजत होतो. तिसाव्याच्या पाटीनंतर थोड्याच अंतरावर मी दुभाजकावर बसलो.

समोर एक अमृततुल्य नुकतंच उघडलं होतं. मालक रस्ता ओलांडून आले, काही न विचारता हातात चहाचा ग्लास आणि दोन बिस्किटं दिली. माझे हात इतके थरथरत होते की चहा बिबवर सांडला आणि आकड्यातला चार पुसट झाला. तो बिब मी जपून ठेवलाय. दहा मिनिटांनी उठलो आणि उरलेले बारा किलोमीटर बहुतेक चाललो. पाच तास वीस मिनिटं लागली. शर्यत पूर्ण झाली, पण पुढचे तीन आठवडे मला जिन्यावरून धड उतरता येत नव्हतं, आणि ज्या वेळी वडिलांना माझ्या आधाराची गरज होती त्या वेळी मी भिंत धरून चालत होतो. याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून मी थकलेल्या माणसाला ‘धावू नको’ म्हणत नाही, पण ‘सुरुवातीला बरं वाटेल त्यावर विश्वास ठेवू नको’ हे दहादा सांगतो.

तर तुमचं गणित असं. सव्वाचार तास म्हणजे किलोमीटरला सुमारे सहा मिनिटं तीन सेकंद. तुम्ही किलोमीटरला साडेसहा मिनिटांच्या वेगाने निघा आणि पहिले बारा किलोमीटर त्याहून जलद जाऊ नका. शेजारून लोक जातील, जाऊ द्या. वेग बरोबर आहे की नाही याची खूण घड्याळापेक्षा तोंडात असते: सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य, मध्ये श्वास न तोडता, बोलता आलं पाहिजे. ‘काल आईकडे गेले होते, तिने पुरणपोळ्या केल्या होत्या’ एवढं सलग बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

यामागे नुसती सावधगिरी नाही, इंधनाचा हिशेब आहे. धावताना ढोबळमानाने प्रत्येक किलो वजनामागे, प्रत्येक किलोमीटरला एक किलोकॅलरी लागते. साठ किलोच्या माणसाला बेचाळीस किलोमीटरला अडीच हजाराच्या आसपास. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा साठा असतो साधारण दोन हजारांचा. उरलेलं चरबीतून येतं, आणि वेग जेवढा कमी तेवढा चरबीचा वाटा मोठा. सुरुवातीला जलद गेलेला माणूस साठा लवकर उपसतो आणि तिसाव्या किलोमीटरच्या पुढे रिकामा होतो. ज्याला ‘भिंतीला धडकणं’ म्हणतात ते हेच. थकलेल्या माणसाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र येतात: साठा आटत असतो आणि डोकंही जास्त कष्ट दाखवत असतं.

चालण्याची लाज बाळगू नका. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे यांनी धावणं-चालणं आलटून पालटून करायची पद्धत लोकप्रिय केली, ती मी थकलेल्या माणसांसाठी थोडी बदलून वापरतो. पहिल्याच पाणी-केंद्रापासून प्रत्येक केंद्रावर चाळीस-पन्नास पावलं चाला, पाणी प्या, पुढे निघा. मोडून पडल्यावर चालणं आणि ठरवून चालणं यांत फार फरक आहे. मोडल्यावर पुन्हा धावायला लागणं जवळजवळ अशक्य होतं. ठरवून चालणाऱ्याला कुठे धावायला लागायचं ते माहीत असतं. माझ्याकडे येणाऱ्या एक नर्सताई आहेत, महिन्यातले दहा दिवस रात्रपाळी. त्यांनी मागे पहिली फुल अशीच केली. घड्याळावर मनगटपट्टी ओढून घेतली होती, प्रत्येक केंद्रावर चालल्या, चार तास पन्नास मिनिटांत आल्या, आणि शेवटचे दहा किलोमीटर पहिल्या दहापेक्षा जलद धावल्या. शेवटच्या टप्प्यात त्या माणसांना मागे टाकत येत होत्या, तो चेहरा मी विसरणार नाही.

खाण्याबद्दल. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, आणि ते पहिल्या अर्ध्या तासानंतर लगेच सुरू करायचं, भूक लागायची वाट बघायची नाही. मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतात. एनर्जी जेल, खजूर, राजगिऱ्याची वडी, जे तुम्ही लांब धावांना खाल्लंय तेच. रविवारी नवीन काही नाही, कुणी प्रेमाने दिलं तरी नाही. आणि एक गोष्ट, जी कळल्यावर मलाही आश्चर्य वाटलं होतं: २००४ मध्ये एका अभ्यासात सायकलपटूंना साखरेसारख्या कार्बोहायड्रेटच्या पाण्याने फक्त चूळ भरायला लावली, गिळायचं नाही, थुंकायचं. तरीही तासाभराची चाचणी त्यांनी जवळजवळ तीन टक्के लवकर संपवली. पोटात काही गेलंच नव्हतं, म्हणजे तोंडानेच मेंदूला निरोप दिला की इंधन येतंय. तेव्हा पस्तिसाव्याला पोट ढवळत असेल, काही उतरत नसेल, तर गोड पाण्याची चूळ भरा. काम होतं.

पाणी तहानेप्रमाणे. थकलेला माणूस प्रत्येक केंद्रावर भीतीने ग्लासभर पितो, तेही वाईट. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं निघालं, आणि त्याचा सर्वांत जवळचा संबंध धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे जास्त पाणी पिण्याशी होता. हळू धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण त्यांना पाणी प्यायला वेळ जास्त मिळतो. मीठ-साखरेचं पाणी मधूनमधून घ्या. डिसेंबरात पहाटे पुण्यात गारठा असतो, पण साडेआठनंतर ऊन बोचायला लागतं आणि तुम्ही तेव्हा रस्त्यावरच असाल. टोपी कमरेला अडकवून ठेवा.

चहा-कॉफी रोजची असेल तर शर्यतीआधी तासभर घ्या, कॅफिनने श्रम खरोखर कमी वाटतात. सवय नसेल तर नको. वेदनाशामक गोळी मात्र आधीही नाही आणि मध्येही नाही. आयबुप्रोफेनसारखी गोळी पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणते. शिवाय दुखणं झाकलं की ते कुठे आणि किती दुखतंय हे कळेनासं होतं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो: मध्ये थकवा आला तर काय करायचं. तो येईल, बहुधा अठ्ठावीस ते छत्तीसच्या मध्ये. आधी खांदे कानांकडे चढतात, मुठी आवळतात, नजर बुटांवर जाते. त्या वेळी ‘अजून बारा किलोमीटर’ असा विचार करायचा नाही. शरीराकडे खालून वर बघा. बोटं: अंगठा आणि तर्जनी चिमटीत रांगोळी धरल्यासारखी, दाबायचं नाही, सोडायचं नाही. खांदे एकदा वर उचलून पाडा. जबडा सैल. मग पाऊल छोटं करा. थकल्यावर लांब ढांगा टाकायचा मोह होतो, त्याने मांड्या आणखी झिजतात. छोटी, भराभर पावलं टाका, चढावर तर आणखी छोटी. उड्डाणपुलावर माथ्याकडे बघू नका, चार गाड्यांच्या अंतराएवढ्या रस्त्याकडे बघा.

आणि ठेका धरा. दिवे घाट चढणारी पालखी तुम्ही बघितली असेल. पुण्याहून सासवडचा मोठा टप्पा, अर्धा दिवस चालून झालेला, उन्हात सत्तरीच्या आज्या चढतात. त्यांचे पाय टाळाच्या ठेक्यावर पडत असतात, पुढचं पाऊल कुठे टाकायचं याचा निर्णय त्यांना दरवेळी घ्यावा लागत नाही. मी स्वतः ‘ज्ञा-नो-बा-तु-का-राम’ सहा पावलांवर म्हणतो, मोठ्याने नाही, ओठांत. तुम्हाला दुसरं काही जवळचं असेल तर ते घ्या, आकडे मोजा, मुलांची नावं घ्या. थकलेल्या डोक्याला हिशेब जमत नाही, ठेका जमतो. एकोणतिसाव्याला मी वजाबाकी करत बसलो त्याऐवजी हे केलं असतं तर कदाचित इतका घाबरलो नसतो.

अंतर छोटं करण्याची एक युक्ती आमच्या गटात चालते. शेवटच्या दहा किलोमीटरांतला एकेक किलोमीटर कुणाच्या तरी नावाने धावायचा, आणि ती नावं शनिवारी रात्री तळहाताएवढ्या कागदावर लिहून ठेवायची. तेहतिसावा आईचा, चौतिसावा त्या शाळेतल्या बाईंचा ज्यांनी पहिल्यांदा मैदानात उतरवलं. ऐकायला भाबडं वाटेल. पण तिथे तुम्हाला दुसरा विचार सुचणारच नसतो, तेव्हा तो आधी लिहून ठेवलेला बरा.

थकवा कुठे संपतो आणि धोका कुठे सुरू होतो, हेही पाठ करून ठेवा. दोन्ही मांड्या सारख्याच दुखतात, पोटऱ्या ओढतात, रडू येतं: हा थकवा आहे, वेग कमी करून पुढे जाता येतं. एकाच गुडघ्यात किंवा घोट्यात टोचतंय आणि चाल बदललीय: थांबा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, उन्हात असून थंडी वाजणं, आपण कुठे आहोत हे न सुचणं: तिथेच थांबा, बसा, सर्वांत जवळच्या स्वयंसेवकाला सांगा. नंतर लघवी गडद तपकिरी झाली तर वाट न बघता दवाखान्यात जा, तो स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याचा इशारा असतो. बिबच्या मागे नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहा, दहापैकी सात जण ती जागा कोरी ठेवतात असं मी दरवर्षी बघतो.

उरलेल्या चार रात्रींचं काय? शनिवारच्या रात्री झोप लागणार नाही, ती कुणालाच लागत नाही, आणि त्याने फारसं बिघडत नाही. कमवायची ती गुरुवार-शुक्रवारची झोप. साहेबांना आजच सांगा की या दोन दिवशी रात्री नऊनंतर फोन घेणार नाही. शनिवारी दुपारी पडदे ओढून तासभर पडा, डोळा लागला नाही तरी पडा. शनिवारी सकाळी फार तर वीस मिनिटं हलकं पळा. बिब घ्यायला जाल तिथे रांगेत आणि स्टॉलवर तीन तास उभ्या राहू नका. रात्री आठच्या आत मुगाची खिचडी किंवा दहीभात, भाजी अगदी थोडी.

आणि येताना. रविवारी तुम्ही पहाटे तीनला उठाल, साडेचार-पावणेपाच तास धावाल, पदक गळ्यात असेल, आणि दहा वाजता पार्किंगमध्ये स्कूटरची चावी काढाल. आधीच दोन आठवड्यांची झोप थकलेली आहे, त्यावर हे. दोन वर्षांपूर्वी आमच्यातला एकजण शर्यतीनंतर घरी जाताना सिग्नलला उभ्या उभ्या पेंगला आणि गाडीसकट पडला. नशिबाने मागे कुणी नव्हतं. स्कूटर नेऊच नका. घरचं कुणी न्यायला येत असेल तर आजच सांगून ठेवा, नाहीतर रिक्षा करा, आणि सोमवारची रजा आत्ताच टाका.